दांडा फिरवायचं पॉपकॉर्नचं भांडं: साखरेसाठी घ्या, मिठासाठी कढई पुरे

केटल कॉर्न म्हणजे तेल, मका आणि साखर एकाच भांड्यात घालून फोडलेल्या आणि वरून मीठ भुरभुरलेल्या लाह्या. अमेरिकेतल्या जत्रांत नि आठवडी बाजारांत मोठ्या उघड्या काहिलीत हा प्रकार करतात. काहिलीशी उभा असलेला माणूस वल्ह्याएवढ्या पळीने सतत ढवळत असतो. घरच्या ओट्यावर मात्र झाकण काढलं तर लाह्या घरभर, आणि ढवळलं नाही तर साखर तळाला काळी. झाकणातून खाली उतरलेली तार आणि वर फिरवायचा दांडा असलेलं भांडं याच अडचणीसाठी आहे. त्यातलं प्रसिद्ध नाव अमेरिकेतल्या 'व्हर्ली-पॉप'चं. तशाच घाटाची भांडी बऱ्याच नावांनी विकली जातात. इथे परीक्षण आहे ते या घाटाचं, कुठल्या एका ब्रँडचं नाही.

निकाल आधीच सांगतो. नुसत्या खारट लाह्या करायच्या असतील तर यावर पैसे घालू नका. जाड बुडाची कढई आणि वर झाकण, किंवा झाकण बाजूला ठेवलेला पाच लिटरचा कुकर आणि वर ताटली, एवढ्यात काम होतं. (कुकरचं झाकण लावून कुणीही लाह्या फोडू नयेत.) साखर आली की मात्र हिशेब बदलतो. मक्याचा दाणा साधारण 180 अंश सेल्सिअसला फुटतो आणि साखर 186 अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे दाणे फुटायला लागतात तेव्हा साखर वितळायच्या बेतात असते, आणि तापमान थोडं वर गेलं की कडू पडते. ती तेलात विरघळत नाही, वितळून तळाशी बसते. दर सेकंदाला तिला तिथून हलवलं तरच ती लाह्यांना लागते. कढई दोन्ही हातांनी धरून हलवता येते, पण प्रत्येक वेळी ती आचेवरून उचलली जाते, तापमान खालीवर होतं आणि गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, जास्त राहतात. दांड्याच्या भांड्यात आच सलग मिळते. या भांड्याचा खरा फायदा हा एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

विकत घेताना सहसा लिटर बघितले जातात. सहा क्वार्टचं, म्हणजे सुमारे पावणेसहा लिटरचं भांडं चार जणांना पुरतं, तेवढं पुरे. बघायची ती तार. ती बुडाला टेकून फिरते का, हे कळायला कोरड्या, थंड भांड्यात चमचाभर साखर पसरा, झाकण लावा, दांडा चार-पाच वेळा फिरवा आणि उघडा. साखर जिथे जशीच्या तशी पडून राहिली असेल तिथेच ती जळणार आहे. बहुधा दोन जागा सापडतात: मधोमध, उभ्या सळईच्या खाली, आणि कडेला, जिथे बूड वळून भिंत सुरू होते. कडेची जागा पकडीने तार किंचित खाली वाकवून सुटते. मधली सुटत नाही. ती रुपयाएवढी असेल तर चालवून घ्या, त्याहून मोठी असेल तर भांडं परत करा.

दुसरी गोष्ट झाकणावरची दातेरी चाकं. ती प्लास्टिकची असतील तर वितळल्या साखरेचा चिकटा आणि वाफेची उष्णता यांत त्यांचे दाते लवकर झिजतात, धातूची घ्या. झाकणाला वाफ जायला भोकं हवीतच, नाहीतर कोंडलेल्या वाफेने लाह्या चिवट होतात.

बुडाबद्दलचं मत थोडं उलटं वाटेल. एरवी जाड बूड चांगलं म्हणतात, पण केटल कॉर्नला पातळ अ‍ॅल्युमिनियम बरं. गॅस बंद केला की ते लगेच निवतं आणि साखर पुढे जात नाही. जाड बुडाचं स्टीलचं भांडं उतरवल्यावरही भाजत राहतं, म्हणून ते थोडं आधी उतरवावं लागतं. इंडक्शन असेल तर मात्र इलाज नाही, अ‍ॅल्युमिनियम त्यावर तापत नाही. खाली चुंबक चिकटेल असंच स्टील घ्या. काचेच्या सपाट शेगडीवर, जशा अमेरिकेत पुष्कळ घरांत असतात, हे भांडं विशेष सोयीचं, कारण ते हलवावं लागत नाही आणि काचेवर ओरखडे उठत नाहीत. बूड मात्र सपाट हवं.

पावणेसहा लिटरच्या भांड्याला 100 ग्रॅम मका, 45 मिली तेल, 50 ग्रॅम साखर आणि अर्धा चहाचा चमचा बारीक मीठ हे प्रमाण बसतं. मका पॉपकॉर्नचाच हवा. कणसाचे किंवा पिठाचे दाणे फुटत नाहीत. तेल सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं रिफाइंड. तूप चालतं. लोणी नको: त्यातला दुधाचा भाग जळतो आणि पाण्याने लाही मऊ पडते. आपली नेहमीची साखर जाड दाण्याची असते, ती उशिरा वितळते. मिक्सरमध्ये एकदाच, क्षणभर फिरवून रव्याएवढी करा. पिठीसाखर करू नका, तिचे गोळे होऊन तळाला धरतात. गूळही नको, तो लाह्या फुटायच्या आतच करपतो.

तेलात तीन दाणे टाकून मध्यम आच ठेवा. तिन्ही फुटले की सगळा मका घाला, झाकण लावा आणि अर्धा मिनिट फिरवा. मग झाकणाची अर्धी बाजू उघडून साखर एकदम सगळीकडे पसरेल अशी टाका. साखर सुरुवातीलाच तेलात टाकली तर दाणे तापेपर्यंत ती करपलेली असते. इथून पुढे दांडा थांबवायचा नाही. वेग सेकंदाला एक फेरा. घाईने फिरवून फायदा नाही, दाणे नुसते तारेपुढे सरकत राहतात.

मिनिटभरात फुटायला सुरुवात होते. आवाज शिगेला पोहोचल्यावर दांडा जड होतो, कारण तार लाह्यांच्या ढिगात अडकते. जोर लावून ओढू नका. आच कमी करा, अर्धा फेरा मागे घ्या आणि पुन्हा पुढे. बरेच जण इथेच चाक मोडतात. दोन फुटण्यांत एक-दीड सेकंदाचं अंतर पडलं की लगेच उतरवा. साध्या लाह्यांना आपण तीन सेकंदांपर्यंत थांबतो, इथे थांबायचं नाही. थोडे गणंग राहतील, राहू द्या. शेवटचे वीस दाणे फोडायच्या नादात सगळं कडू होतं.

उतरवल्याबरोबर मोठ्या परातीत ओता आणि ओततानाच मीठ भुरभुरा. साखर ओली असते तो वेळ वीस-तीस सेकंदांचा; त्यानंतर मीठ तळाला घरंगळतं. मीठ भांड्यात घालण्यात अर्थ नाही, ते तेलात विरघळत नाही, खाली बसतं. उलथन्याने दोनदा खालीवर करून लाह्या मोकळ्या करा. हात घालू नका, वितळलेली साखर कातडीला चिकटून भाजते आणि लवकर निघत नाही. लहान मुलं ओट्याजवळ नकोत. सात-आठ मिनिटांत लाह्या कुरकुरीत होतात.

गणंग वीस-पंचवीसांच्या फार वर राहिले तर भांड्याला दोष देण्याआधी मका बघा. दाण्यात 13-14 टक्के ओल लागते. उघड्या पाकिटात ती उडून जाते. अर्धा किलो दाण्यांत चहाचा एक चमचा पाणी घालून बरणी हलवा आणि झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा. लाह्या फुटल्या पण चामट झाल्या, तर आच कमी होती किंवा मका जास्त होता. 100 ग्रॅमच्या वर जाऊ नका, लाह्या झाकण उचलतात.

या भांड्याची नावडती बाजू म्हणजे सफाई. निवल्यावर साखर काचेसारखी घट्ट बसते. काथ्याने घासू नका. दोन पेले पाणी घालून पाच मिनिटं उकळा, ती आपोआप सुटते. अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावला किंवा डिशवॉशरमध्ये टाकलं तर काळं पडतं. चाकं पाण्यात बुडवून न ठेवता ओल्या फडक्याने पुसा. एकापाठोपाठ दोन घाणे करायचे असतील तर मधे भांडं पुसून घ्यावंच लागतं, कारण पहिल्या घाण्याची साखर दुसऱ्यात जळते. घरी दहा-पंधरा माणसं यायची असतील तर ही अडचण नीट जाणवते.

केलेल्या लाह्या पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा. साखर हवेतली ओल ओढून घेते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात परातीत उघड्या राहिल्या तर तासाभरात चिकट होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस टिकतात. मऊ पडल्याच, तर ओव्हनमध्ये 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून बाहेर काढून निवू द्या.