'ड्रिल मशीन'सोबत ११ महिने : स्टायर एलपी १०

गेल्या जूनमध्ये १० मीटर नेमबाजीचं हे सेकंडहँड एअर पिस्तूल पेटीतून काढलं तेव्हा भुसावळचा मित्र म्हणाला, "भो, हे पिस्तूल आहे का ड्रिल मशीन?" मी हसलो, पण मलाही तेच वाटत होतं. नळीखाली हवेचं सिलिंडर लटकलेलं, आणि लाकडी मूठ म्हणजे बामणोदचं भरताचं वांगं कोणी तुडवलं असावं तशी. इथे फुगवटा, तिथे खळगा. आधीचं स्प्रिंगचं देशी पिस्तूल दिसायला कसं, पोलिसाच्या कमरेला शोभेल असं होतं. (१० मीटरवर नेम लागत नव्हता, ते सोडा.)

पहिले दोन महिने नुसती चिडचिड. आमच्या रिकाम्या गोठ्यात बरोबर १० मीटर बसतात, तिथे सराव. स्पर्धेसारख्या ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायला घेतल्या की चाळिसाव्या गोळीला अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागायचा. विकायचंच ठरवलं होतं.

वाचवलं ते नानांनी. नाना वरणगावच्या आयुध निर्माणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी मूठ हातात घेऊन फिरवली आणि आईला देवघरातलं कुंकू मागितलं. खोबरेल तेलात कालवून माझ्या तळहाताला फासलं. "धर. सोड." जिथे लाल उमटलं तिथे लाकूड जास्त. फॅक्टरीत भाग कुठे टेकतो ते ब्लू (निळा रंग) लावून बघायचो तसंच, म्हणाले. मग पॉलिश पेपर. रोज थोडं घासायचं, पुन्हा कुंकू. खळग्यांत लाकडाचा पुट्टी. आठवडाभर आई कुंकवाच्या डबीवरून बोलत होती. फक्त मनगटाला टेकेल असं काही ठेवायचं नाही, तो स्पर्धेचा नियमच आहे.

मग कळलं, प्रत्येक फुगवटा कुठल्या तरी हाडासाठी असतो. आता डोळे मिटून हात उचलला आणि उघडले, तर नेम धरायची पुढची माशी (नळीच्या टोकावरची खूण) मागच्या खाचेत आपोआप बसलेली असते. गोळी सुटताना झटका जवळपास नाही, आत त्यासाठी वेगळं वजन सरकतं. नियमाप्रमाणे ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचललं तरी तो सुटता कामा नये. एवढं सांभाळून तो इतका स्वच्छ तुटतो की कधी सुटला ते मलाच कळत नाही. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. पूर्वी ६०० पैकी ५१० वर अडकायचो, आता ५४० च्या आसपास असतो.

त्रास आहेच. सिलिंडरमध्ये हातपंपाने २०० बार दाबाची हवा भरताना घामाची आंघोळ होते. पावसाळ्यात दमट हवा तशीच भरली, पाणी आत गेलं आणि सील गळायला लागलं. चूक माझीच. मे महिन्यात ४५ अंशांत सिलिंडर गाडीत ठेवायची हिंमत करू नका. जुनं घेणार असाल तर रंग-पॉलिश नंतर बघा, आधी सिलिंडरवरची तारीख बघा. १० वर्षांवर गेलेलं स्पर्धेत चालत नाही. परवान्याचं विचाराल तर ०.१७७ इंच बोअर (नळीचं भोक) आणि गोळीची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर पिस्तुलाला तो लागत नाही.

परवा तोच मित्र आला. कौतुकाने हातात घेतलं, नेम धरला, आणि लगेच खाली ठेवलं. "टोचतं भो."

टोचणारच. कुंकू माझ्या हाताला लावलं होतं.