बोहुस्लेन की ब्लेकिंगे?

स्वीडनचे हे दोन्ही किनारी प्रांत 1658 च्या रोस्किल्ड तहात मिळालेले. पश्चिमेचा बोहुस्लेन नॉर्वेचा भाग होता, तर आग्नेयेचा ब्लेकिंगे डेन्मार्कचा. सारखेपणा जवळपास इथेच संपतो.

बोहुस्लेन म्हणजे उघडाबोडका गुलाबी-करडा ग्रॅनाइट आणि असंख्य बेटं. तानुमची कांस्ययुगीन कातळशिल्पं जागतिक वारसा यादीत आहेत. रत्नागिरीचे सडे फिरलेल्यांना ती पाहताना वेगळीच गंमत वाटेल. जहाजंच जहाजं, आणि नीट दिसावीत म्हणून काही लाल रंगाने भरलेली! अठराव्या शतकात इथे हेरिंग मासळीचा प्रचंड सुकाळ आला, 1809 च्या सुमारास ती अचानक गायब झाली आणि गावं ओस पडली. समुद्र चांगला खारा, त्यामुळे लॉबस्टर, ऑयस्टर इथलेच.

ब्लेकिंगेकडचा बाल्टिक जेमतेम खारट. तिथे लॉबस्टर मिळत नाही, मोरुम नदीतला सॅमन मात्र नावाजलेला. किनाऱ्यावर ओक, बीचची झाडी. इतिहास सगळा आरमाराचा: 1680 मध्ये राजा अकराव्या कार्लने आरमारी तळ म्हणून वसवलेलं कार्ल्सक्रोना हेही जागतिक वारसास्थळ.

खवय्यांनी सरळ बोहुस्लेन गाठावं. मला विचाराल तर ब्लेकिंगेच. 1981 मध्ये सोव्हिएत पाणबुडी याच आरमारी तळाजवळच्या खडकावर येऊन रुतली होती.