मृत्युपत्राचा तयार नमुना: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी वडिलांसाठी, म्हणजे अण्णांसाठी, एका संकेतस्थळावरून मृत्युपत्राचा तयार नमुना मीच डाउनलोड करून दिला. अण्णांना जाऊन आता आठ महिने झाले. नमुन्याचा खरा वापर सुरू झाला तो तिथून.

अण्णांनी त्यात वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पुण्यातला फ्लॅट माझ्या पश्चात पत्नीस’. खाली सही केली. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या दिवशी मी तो कागद शेजारच्या काकांकडे आणि अण्णांच्या एका मित्राकडे नेला. साक्षीदारांच्या दोन रेघा होत्या, दोन सह्या मिळाल्या. मला वाटलं, झालं काम.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन्ही साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं लागतं, नाहीतर ‘ही माझी सही’ असं त्याने त्यांना स्वतः सांगितलेलं लागतं. शिवाय साक्षीदाराने आपली सही त्याच्यासमोरच करायची असते. आमच्या नमुन्यात यातलं एक अक्षरही नव्हतं. वकिलांनी विचारल्यावर काका म्हणाले, “सही आधीच झालेली होती. ही कागद घेऊन आली, मी केली.” खरं तेच बोलले. दुसरं काही बोला, असं मी त्यांना कधीच सांगितलं नसतं.

अण्णांनी हौसेने पाचशेचा स्टॅम्प पेपर आणला होता. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. जे लागत नव्हतं ते आम्ही जपून केलं.

मृत्युपत्र टिकणार नाही म्हटल्यावर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू. आई, मी आणि दोघे भाऊ, चौघांचे सारखे हिस्से. मी आणि थोरल्याने आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवलं. धाकटा कर्जात आहे, “थोडं थांब” म्हणतो. त्याच्यावर मला रागावता येत नाही.

मसुदा जुळवायला नमुना चालेल. सह्या मात्र जाणत्या वकिलासमोर, सगळ्यांना एकत्र बसवून करा. साक्षीदार स्वतःपेक्षा तरुण आणि सहज सापडणारे निवडा, कारण पुढे त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात सांगावं लागू शकतं. खाडाखोड झाली तर सरळ नवा कागद घ्या.

सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचंच नाव होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर झालं. पण नॉमिनेशनने वारसांचा हक्क जात नाही. काल तिने मेंटेनन्सची पावती माझ्यापुढे धरली आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवून विचारलं, “हे पुरत नाही का गं?”