बँकॉकच्या ‘सरकारी’ रत्नांच्या दुकानात आमचे १,०४,३९७ रुपये गेले

मागच्या आठवड्यात कार्डाचं बिल आलं. १,०३,१८० रुपये दुकानाचे, त्यावर बँकेचा एक टक्का म्हणून १,०३१.८० आणि त्या एका टक्क्यावर जीएसटी १८५.७२. एकूण १,०४,३९७ रुपये ५२ पैसे. आणि हातात काय, तर सराफ बाजारातल्या आमच्या नेहमीच्या काकांच्या मते १,८५० रुपयांची चांदी.

बँकॉकचा हा प्रकार नवा नाही. राजवाडा बंद आहे म्हणणारा माणूस, स्वस्त टुकटुक (तिथली रिक्षा), मग खड्यांचं दुकान, हे तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं. पण “एवढ्या शिकलेल्या तुम्ही, कशा फसलात?” म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की ऐकलेली गोष्ट आणि समोर उभा असलेला सभ्य माणूस यांत फार अंतर असतं. आम्ही काही दुप्पट पैसे करायला गेलो नव्हतो. मुलीचं लग्न ठरलंय, तिच्यासाठी चार पैशांची चांगली वस्तू घ्यावी एवढंच मनात होतं. याला हाव म्हणत असाल तर म्हणा.

आणि खरेदी मला येत नाही असंही नाही. चाटुचकच्या शनिवार-रविवारच्या बाजारात मी मनसोक्त फिरले. प्रतुनामच्या बाजारात कपडे घेतले. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवते, आपण आपला आकडा दाबायचा, तिने मान हलवली की चालायला लागायचं, आणि मागून हाक येतेच. जन्म नाशिकच्या मेन रोडवर घासाघीस करण्यात गेलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. बाहेरदेशी जाऊन अशी खरेदी करण्यात खरंच आनंद असतो. संताप त्याचाच येतो, की या लोकांनी नेमका तो आनंद हेरून गळ टाकला.

टूरच्या माणसाने आम्हाला राजवाड्याजवळ उतरवलं, “दुपार तुमची मोकळी” म्हणाला आणि गेला. भिंतीपाशी पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक गृहस्थ पुढे आला. आज पूजा आहे, दोन वाजता उघडेल, तोवर उभ्या बुद्धाचं मंदिर बघून या, म्हणाला. टुकटुकही त्यानेच थांबवली, फक्त २० बाथमध्ये (बाथ म्हणजे तिथलं चलन).

टुकटुक वळली तेव्हा मला पलीकडचं फाटक दिसलं. माणसं आत जात होती. गुडघे झाकायला कमरेला कापड गुंडाळलेल्या गोऱ्या बायका, हातात तिकिटं. मी म्हटलंसुद्धा, “अहो, ते बघा, तिकडून लोक आत चाललेत.” हे म्हणाले, “ग्रुपचं आधीच बुकिंग असेल.” मलाही ते पटलं, कारण त्र्यंबकेश्वरलाही पासवाल्यांची रांग वेगळी असतेच की. ते फाटक अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिथेच “थांबा” म्हटलं असतं तर वीस बाथवर निभावलं असतं. पण भर उन्हात, परक्या गावात, भाषा येत नसताना, ओळखपत्रवाल्या माणसावर कोण संशय घेतो? आणि ऐकून ठेवा : तो राजवाडा रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. बंद आहे की नाही, ते फक्त तिकीट खिडकीवर विचारायचं. रस्त्यावरच्या माणसाचं ऐकायचं नाही.

मंदिरात हिंदी बोलणारा एकजण ‘सहज’ भेटला. दरवर्षी इथूनच खडे नेतो, सरकारी दुकान आहे, करमाफीचा आजचा शेवटचा दिवस आहे, म्हणाला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. एसी, सरबत, मखमली ट्रे. नीलमाची अंगठी, माणकाचं पेंडंट, कानातले, सगळं ‘व्हाइट गोल्ड’मध्ये. ३८,५०० बाथ. विमानतळावर बाथ अडीच रुपयांना होता, म्हणजे ९६,२५० व्हायला हवे होते. मशीनवर रुपये की बाथ असं आलं, तेव्हा दुकानातल्या पोराने परस्पर रुपये दाबून मशीन पिनसाठी पुढे केलं. त्यांच्या मशीनच्या दराने सात हजार तिथेच वर गेले. परदेशात कार्ड देताना नेहमी तिथल्याच चलनात द्या, आणि ते बटण स्वतःच दाबा.

वस्तू प्लास्टिकमध्ये सील करून दिली. उघडलीत तर गॅरंटी जाईल, म्हणाले.

नाशिकला परतल्यावर सराफ काकांनी कात्रीने ते सील कापलं, अंगठी चिमट्यात धरली आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. निळ्या खड्याच्या आत बारीक वळलेल्या रेघा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि एका कडेला गोल बुडबुडा. “ताई, जमिनीतून निघालेल्या खड्यात अशा वळलेल्या रेघा नसतात,” काका म्हणाले. “हा भट्टीत केलेला आहे. असे खडे शंभर वर्षांहून जास्त काळ निघतायत.” व्हाइट गोल्ड म्हणजे पॉलिश केलेली चांदी. मोडीत १,८५०.

खरं सरकारी काय असतं, ते मला आता कळतंय. थायलंडमध्ये खरेदीवर ७ टक्के व्हॅट म्हणजे कर आहे, आणि तो पर्यटकांना परत मिळू शकतो. परताव्याची पाटी असलेल्या एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाथची खरेदी केली, तर पासपोर्ट बघून ते फॉर्म भरून देतात. खरेदी मोठी असेल तर विमानतळावर सामान देण्याआधी कस्टम्सचा शिक्काही घ्यावा लागतो. ‘आज शेवटचा दिवस’ असलं काही त्यात नसतं. आमच्या ‘सरकारी’ दुकानाने असा फॉर्मच दिला नव्हता. खडे घ्यायचेच असतील तर त्यांच्या जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूटचा, म्हणजे जीआयटीचा, अहवाल पैसे देण्याआधी मागा.

आता इकडची कहाणी. बँकेत गेले तर म्हणे पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार वैध आहे. मी काकांकडून लेखी घेऊन गेले, तर सराफाची चिठ्ठी चालत नाही. मग काय चालतं? सांगत नाहीत. फोनवर प्रत्येक वेळी नवा आवाज आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. पोलीस ठाण्यात गेलो, तर बाकावर तासभर बसवून “परदेशातला मामला, आमची हद्द नाही” म्हणाले. साधा अर्ज घेऊन पोच द्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या. उद्या गेलो तर कालचा माणूस नाही. नवा हवालदार हसून म्हणाला, “मावशी, नाशकात सोनं मिळत नाही का?” साठीच्या बाईशी हे बोलणं! चोर तिकडे मोकळा, आणि चौकशी आमच्याच अकलेची.

टूर कंपनीने तर कहर केला. “मोकळ्या वेळेची जबाबदारी आमची नाही.” त्यांच्या माणसाला हा प्रकार पक्का माहीत होता, हे त्याने परतीच्या विमानात स्वतः कबूल केलं. तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबरही त्याला ठाऊक होता. तिथे असतानाच फोन केला असता तर काही आशा होती. तो नंबर जाण्याआधी मोबाईलमध्ये घाला.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचा मसुदा तयार आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून इथेच करणार. टूर कंपनीने उतरवताना एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं, एवढंच त्यात लिहिलंय. बिल, सीलचं प्लास्टिक आणि तिथे मिळालेलं व्हिजिटिंग कार्ड, सगळं जपून ठेवलंय.