स्कोमर बेटाची दिवसभराची सहल: आधी पक्षी, मग पर्यटक

वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावरून, मार्टिन्स हेवन येथून, स्कोमर बेटावर होडी जाते. बेटाची देखभाल करणारी वाइल्डलाइफ ट्रस्ट दिवसाला फक्त २५० पर्यटकांना उतरू देते. त्यामुळे मे-जूनची तिकिटे फार आधी काढावी लागतात आणि उत्तरेचा वारा सुटला तर फेरी ऐनवेळी रद्दही होते. तरीही ही मर्यादा मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

निघण्यापूर्वी बुटांचे तळ घासून घ्यावे लागतात आणि पिशवीत उंदीर शिरलेला नाही ना, हे तपासावे लागते. हे सोपस्कार कोणीही हसण्यावारी नेऊ नयेत. पफिन आणि मँक्स शिअरवॉटर हे दोन्ही समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळात वर्षाला एकच अंडे घालतात, आणि स्कोमरवर मोठे उंदीर (रॅट) कधी पोहोचले नाहीत म्हणूनच ते इथे एवढ्या संख्येने टिकले. जवळच्या रॅमसे बेटावरचे उंदीर १९९९-२०००च्या हिवाळ्यात नष्ट केल्यावर तिथल्या शिअरवॉटरची संख्या कित्येक पटींनी वाढली.

धक्क्यापासून ८७ पायऱ्या चढून गेल्यावर कर्मचारी पायवाट सोडू नका असे बजावतात. आजूबाजूची जमीन बिळांनी इतकी पोखरलेली आहे की एका चुकीच्या पावलाने बीळ खचून आतले पिल्लू गाडले जाऊ शकते. 'द विक' या कड्यापाशी चोचीत सँड ईल मासे आडवे धरलेला पफिन अक्षरशः आपल्या पायांजवळून धावत वाट ओलांडतो. तो अडखळला की टपून बसलेले गल (कुरव) पक्षी ते मासे हिसकावतात, म्हणून तिथे दोन पावले मागे सरकून त्याला वाट द्यावी.

शिअरवॉटरच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या, म्हणजे जगातल्या जवळपास निम्म्या, इथे वीण घालतात. पण गलच्या भीतीने ते काळोखातच बिळाकडे परततात. दिवसा दिसतात ती फक्त वाटेवर पडलेली त्यांची पंख-हाडे, याची मुलांना आधीच कल्पना द्यावी. जिवंत शिअरवॉटर पाहायचे असतील तर रात्री मुक्काम करावा लागतो आणि त्याच्या जागा मोजक्याच असतात.

बेटावर खायला काही मिळत नाही आणि स्वच्छतागृह मध्यभागी, जुन्या शेतघरापाशीच आहे. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना नेण्यापूर्वी याचा विचार करावा. जुलै संपता संपता पफिन समुद्रावर निघून जातात, तेव्हा त्यांच्यासाठी येणाऱ्यांनी ऑगस्टचे तिकीट काढू नये.