माशांचं 'हर्बल औषध' म्हणून रंगीत पाणी विकतायत, सांगली-मिरजेतल्यांनी घेण्याआधी वाचा

फिश टँक असणाऱ्या सगळ्यांनी वाचा, कारण हा माणूस अजून विकतोय. माझ्याकडे ओरांडा गोल्डफिश आहेत. पावसाळ्यात दोघांना त्रास सुरू झाला, एकाच्या शेपटीच्या कडा झिजून त्यात लाल रेघा आल्या आणि दुसऱ्याचं पोट फुगून खवले उभे राहिले. ही लक्षणं बरेचदा एरोमोनास नावाच्या बॅक्टेरियाची असतात. मासे विकणाऱ्या एकानं सांगितलं, "दादा, अँटिबायोटिक कशाला घालताय, हे शंभर टक्के आयुर्वेदिक आहे, आपल्या सांगलीची हळद, कडुलिंब आणि लसणाचा अर्क, रोज दहा थेंब टाका." छोटी बाटली साडेसहाशे रुपये. वर मोबाईलवर रिसर्च पेपर पण दाखवला.

आता यात फसायला होतं ते इथंच, कारण रिसर्च खोटा नाहीये. हळदीतलं कर्क्युमिन, लसणातलं अॅलिसिन, कडुलिंबाचा अर्क यांचा एरोमोनासवर परिणाम होतो हे लॅबमध्ये दिसलंय, आणि अँटिबायोटिकला न जुमानणारे बॅक्टेरिया वाढल्यामुळे लोक वनस्पतींकडे वळतायत हेही खरं आहे. पण असे बरेच प्रयोग काचेच्या डिशमध्ये होतात, नाहीतर अर्क खाद्यात मिसळून मासा निरोगी असतानाच काही आठवडे देतात. आजारी मासा बरेचदा खातच नाही, त्याच्या टाकीत दहा थेंब टाकून तसाच गुण येईल असं त्यातून निघत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यानं सांगितलं, "पाणी बदलू नका, औषध पातळ होतं, मीठ पण घालू नका." पाणी न बदलल्यामुळे अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) चढला, टेस्ट किटमध्ये रंग गडद हिरवा आला, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. दोन्ही गेले. खवले उभे राहिलेला तसाही वाचणं अवघडच होतं, पण शेपटीवाला बहुतेक वाचला असता, त्याला स्वच्छ पाणी आणि लिटरला एक-दोन ग्रॅम साधं मीठ एवढं मिळालं असतं तरी, याचा राग जात नाही.

मग मी बाटली नीट बघितली. लसणाचा वास शून्य. पिवळं पाणी एकदम नितळ, आणि हळद तर पाण्यात विरघळत नाही, खाली बसते. पानपट्टीवरचा चुना आणला, एका बशीत घरच्या हळदीत कालवला, दुसऱ्या बशीत त्या औषधात. हळद लगेच लालभडक झाली, कुंकू असंच तर करतात, आणि औषध पिवळंच्या पिवळं राहिलं. म्हणजे हळद असल्याची काही खूण नाही, बहुतेक नुसता रंग. ज्या सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं जवळच्या हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, हळद साठवायचे, तिथल्या हळदीचं नाव घेऊन हे विकायचं म्हणजे हद्द झाली.

फोन केला तर आधी म्हणाला "तुमचं पाणीच खराब असणार ओ", बशीचा फोटो पाठवल्यावर ब्लॉक केलं. लेबलवर बॅच नंबर नाही, तारीख नाही, पत्ता नाही, कशाचा अर्क किती तेही नाही. असली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. 'पाणी बदलू नका' असं कोणी म्हणालं तर तिथूनच मागं फिरा, बॅक्टेरियाच्या आजारात स्वच्छ पाणी हा पहिला उपाय आहे. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढा, आणि औषध लागलंच तर माशांचं कळणाऱ्या व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) विचारून घ्या.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार दिली आहे, जीपेची पावती आणि बाटलीचे फोटो जोडलेत. तुम्ही पण घेतली असेल तर बाटली टाकून देऊ नका, चुन्याची टेस्ट करताना व्हिडिओ काढा आणि तुमची तक्रार वेगळी द्या, एकट्याच्या तक्रारीपेक्षा चारपाच जणांच्या आल्या तर लवकर दखल घेतील.