काजू की भिरंड?

गोव्यात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग मे अखेरपर्यंत जांभा दगडाची जमीन तापत राहते. परसात एकच झाड लावायचं असेल, तर ही कोरडी ओढ सोसणारंच हवं.

काजू त्यात पक्का. मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला, पण आता इथलाच वाटतो. खडकाळ उतारावर, पूर्ण उन्हात, फक्त पावसावर वाढतो. कलम तीनेक वर्षांत फळ धरतं. मात्र पसारा मोठा, सात-आठ मीटर मोकळी जागा लागते. शिवाय खोडकिडा. बुंध्याशी भुशासारखा चुरा आणि डिंक दिसला की लगेच हात घाला, उशीर झाला तर झाड जातं.

भिरंड (कोकम) आटोपशीर, सरळ शेंड्याची, बारमाही हिरवी. कोवळेपणी तिला सावली हवी आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणीही. बियांपासून लावलेलं झाड नर निघू शकतं, म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या.

माळावर घर असेल तर काजूच. माडाची सावली असेल तर मी भिरंड लावेन. मे महिन्यात गच्चीवर वाळणाऱ्या सोलांचा तो आंबट वास मला घरात हवाच.